सुलटा पेला

आलेल्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं अनिसेतो मास्तरांच्या हातून आयुष्यात एकदाच घडलं. ते पत्र हिवाळ्याच्या आधी आलं होतं आणि तेव्हापासून त्यांच्या वाचायच्या पुस्तकात खूण म्हणून होतं. पुस्तक संपलं की ते दुसऱ्या पुस्तकात जाई. उत्तर मात्र जागचं हलत नव्हतं.

मास्तर गावच्या शाळेत ग्रंथपाल होते. निवृत्त झाल्यावर ते डोंगर-मंडळाचे चिटणीस झाले, कारण पत्रं लिहायची हौस बाकी कोणाला नव्हती. ज्वालामुखीच्या बर्फाळ उतारावर एक लाकडी खोपी, माणसांना वर ओढून नेणारी एक दोरी आणि ती फिरवणारं जुनं डिझेल इंजिन, एवढाच मंडळाचा पसारा. येणारी पत्रं बहुतेक एकाच प्रश्नाची असत. आमच्याकडे अमुक आहे, ते घेऊन आलो तर चालेल का? कोणाकडे चाकांच्या जागी स्की बसवलेली सायकल असे, कोणाकडे ट्रकच्या टायरची ट्यूब. तेमुको शहरातला एक दंतवैद्य तर दरवर्षी कपाटाचं दार घेऊन येई आणि त्यावर पोटावर पडून खाली जाई. स्कीच्या मोठ्या ठिकाणी अशा लोकांना फाटकातूनच परत पाठवत. मास्तर सगळ्यांना सुबक अक्षरात एकच उत्तर लिहीत: या. दोरीच्या शेवटच्या खांबापलीकडे, डोंगराच्या मागच्या बाजूला उतरायचं असेल तरी या. इथे कोणी अडवत नाही.

हे पत्र नेमकं उलट होतं. ते चिलोए बेटावरच्या सुनिल्दा मान्सिया नावाच्या बाईने लिहिलं होतं. तिचा नवरा बाउदिलियो होड्या बांधणारा मिस्त्री. तरुणपणी सैन्यात असताना तो डोंगरात स्की शिकला होता. पुढे होड्यांच्या धक्क्यावर अंगावर लाकूड पडून त्याचा डावा गुडघा कायमचा आखडला. आता त्याने बर्फावरून बसून जायची एक होडी बांधली होती. ‘इतकी वर्षं समुद्राने त्याला मला परत दिलं,’ असं बाईने लिहिलं होतं, ‘आता उतारवयात बर्फाच्या हवाली करू? तुमच्याकडे कोणालाच अडवत नाहीत असं ऐकते. माझा माणूस आला तर त्याला एवढा एकदा अडवा.’

मास्तरांनी बरेच कागद फाडले. अडवतो, असं लिहिलं तर ते खोटं ठरलं असतं. आजवर त्यांनी कोणाला अडवलं नव्हतं, आणि अडवायचं कसं हेही त्यांना माहीत नव्हतं. अडवणार नाही, असं लिहायचं तर त्या बाईच्या तोंडावर दार लावल्यासारखं झालं असतं. एक वाक्य लिहून झालं की त्यांना वाटे, हेच दुसऱ्या कोणी किती नीट लिहिलं असतं. मग ते पुस्तक उघडत. मिस्त्री येणारही नाही कदाचित, असं मनाशी म्हणत.

ऑगस्टातल्या, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, एका शनिवारी बसच्या टपावरून एक होडी उतरली.

लांबट, अरुंद, पिवळसर लाकडाची, बाहेरून गुळगुळीत घासलेली. तळाला एकच रुंद फळी होती, आणि बसायला आत मेंढीचं कातडं अंथरलेलं. तिच्यामागून एक पाय ताठ ठेवून लंगडत एक दणकट म्हातारा उतरला. त्याच्या काखेत दोन आखूड वल्ही होती आणि वल्ह्यांच्या टोकांना स्कीचे तुकडे ठोकलेले.

इंजिनवाला सेगुंदो लिएनलाफ हात पुसत बाहेर आला. “मिस्त्री, समुद्र मागे राहिला की. रस्ता चुकलात.”

“भरती येणार आहे,” म्हातारा म्हणाला. “म्हणून आधीच वर आणून ठेवली.”

सगळे हसले. खोपीच्या दारात उभे असलेले मास्तर तेवढे हसले नाहीत. म्हाताऱ्याने नाव सांगायच्या आधीच त्यांनी त्याला ओळखलं होतं. कोटाच्या खिशातलं पुस्तक एकाएकी जड वाटायला लागलं. आत्ताच बोलावं, चारचौघांत नको, बाजूला घेऊन. पण तोवर सेगुंदोने होडीच्या नाकाला दोराचा फास बांधलाही होता, दंतवैद्य आपलं कपाटाचं दार टाकून मदतीला आला होता, आणि होडीला दोरीवर कसं अडकवायचं यावर चार जणांची पाच मतं पडली होती. अशा वेळी मध्येच जाऊन ‘याला जाऊ देऊ नका’ म्हणणं म्हणजे लग्नात उभं राहून हरकत घेण्यासारखं होतं. मास्तरांनी घसा खाकरला. कोणी ऐकलं नाही.

पहिल्या वेळी होडी अर्ध्यावर आडवी झाली आणि मिस्त्री बर्फात पालथा पडला. दुसऱ्या वेळीही पडला. मग मात्र ती जी सुटली ती वल्ह्यांच्या जोरावर डावीकडे, उजवीकडे सुरेख वळणं घेत खोपीसमोर येऊन थांबली. खोपीत रांधणाऱ्या ओर्तेन्सियाबाई स्वयंपाकघरातून झारा घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी तो पातेल्यावर वाजवला. मिस्त्री मास्तरांच्या अगदी जवळून गेला होता. त्याचा चेहरा त्यांनी पाहिला आणि काम आणखीच अवघड होऊन बसलं.

दुपारी ज्वालामुखीने टोपी घातली. माथ्यावर पांढऱ्या ढगाची ती टोपी बसली आणि वारा उत्तरेचा झाला, की जाणती माणसं पुढच्याच उतारावर राहतात. सेगुंदो म्हणाला, टोपी खाली सरकायला लागली की मी दोरी बंद करणार, मग कोणी कुरकुर करायची नाही. पण अजून ऊन होतं आणि मागच्या बाजूचा बर्फ सकाळपासून कोणी मोडला नव्हता. मिस्त्री खोपीत आला. मागच्या रुंद घळीतून उतरायचं, खालच्या आराउकारिया वृक्षांच्या रानातून वळसा घालून परत यायचं, असं त्याने ओर्तेन्सियाबाईंना सांगितलं. बाईंनी खिडकीखालच्या लांब फळीकडे बोट केलं आणि त्या सोपाइपियाच्या पुऱ्या तळायला आत गेल्या.

त्या फळीवर पत्र्याचे पेले असत. मागच्या बाजूला जाणाऱ्याने आपला पेला पालथा घालून जायचं. परत आल्यावर त्यातून काहीतरी गरम प्यायचं आणि पेला सुलटा ठेवायचा. मंडळाचा नियम म्हणाल तर हा एकच. संध्याकाळी निघण्याआधी सेगुंदो फळीकडे नजर टाकी. एक जरी पेला पालथा असला तरी कोणी घरी जात नसे. सगळे सुलटे असले तर माणसं मोजायचं कारण नव्हतं, आणि कोणी मोजतही नसे.

मिस्त्रीने पाहुण्यांसाठी ठेवलेला निळ्या काठाचा पेला घेतला आणि फळीवर पालथा घातला.

खोपीत दोघंच होते. आता किंवा कधीच नाही, असं वाटून मास्तर पुढे झाले. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

“आधी कॉफी घ्या.”

“आल्यावर घेतो, मास्तर.”

“नाही, नाही. बाहेर गार आहे. घ्याच.” मास्तरांनी तो पेला उचलला, सुलटा केला आणि किटलीतली कॉफी काठोकाठ ओतली. “बसा. मला तुम्हाला एक दाखवायचंय. आलोच.”

पत्र खिशातल्या पुस्तकात नव्हतं. ते पुस्तक कालच संपलं होतं, म्हणजे पत्र दुसऱ्यात असणार, आणि दुसरं पुस्तक आतल्या खोलीत पिशवीत होतं. मास्तरांनी पिशवी उपसली. पत्र हातात घेऊन ते उभ्यानेच एक वाक्य जुळवू लागले. तुमच्या घरून एक चिठ्ठी आली होती. नको, चिठ्ठी नव्हे. वाक्य जुळलं तेव्हा ते बाहेर आले. बाक रिकामा होता. फळीवर ठेवलेल्या कॉफीतून वाफ निघत होती. खिडकीतून पाहिलं, तर होडी दोरीला लागून अर्धा उतार चढली होती.

मास्तर तसेच बाहेर धावले. त्यांनी हाका मारल्या, पण इंजिनाच्या आवाजात त्यांच्या हाका त्यांनाच ऐकू येत नव्हत्या. होडी शेवटच्या खांबापाशी सुटली, क्षणभर धारेवर थांबली आणि पलीकडे गेली.

सेगुंदोला तरी सांगावं म्हणून ते इंजिनाच्या खोलीत गेले. तिथे तेलाची गळती सुरू झाली होती. “बरे आलात, मास्तर, हे धरा,” असं म्हणून सेगुंदोने त्यांच्या हातात नरसाळं दिलं. मास्तरांनी धरलं. आत्ता सांगू, झालं की सांगू, असं करत गळती बंद झाली, आणि खोलीच्या दाराबाहेर पाहिलं तर समोरचा उतार नव्हता. टोपी सरळ खाली उतरली होती. खांब गेले, खोपी गेली, दोरी कुठूनतरी येत होती आणि कुठेतरी जात होती.

सेगुंदोने इंजिन बंद केलं. पुढच्या उतारावरची माणसं एकमेकांना हाका मारत खोपीशी गोळा झाली. रस्ता बंद व्हायच्या आत खाली पोचायला हवं, म्हणून माणसांनी भरलेला एक ट्रक लगेच निघाला. दुसरा इंजिन चालू ठेवून उभा राहिला.

“मिस्त्री?” मास्तरांनी विचारलं.

सेगुंदोने दारातून आत मान घातली आणि फळीकडे पाहिलं. “आला की. सगळे सुलटे आहेत. पहिल्या ट्रकने गेला असेल.”

मास्तरांनीही पाहिलं. निळ्या काठाचा पेला सुलटा होता. त्यांच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. आला म्हणायचा. इतकी वर्षं त्या फळीने कोणाला फसवलं नव्हतं. डोळ्यांनी पाहिलेल्या माणसापेक्षा इथे सगळ्यांचा तिच्यावर अधिक भरवसा होता, आणि मास्तर त्या सगळ्यांतलेच एक होते. त्यांनी पत्र घडी करून खिशात घातलं, मफलर गुंडाळला. आता बाईला लिहिता येईल, असंही त्यांच्या मनात आलं. येऊन गेले, सुखरूप गेले.

ओर्तेन्सियाबाई विसळायला पेले गोळा करत होत्या. “हा कोणाचा?” त्या म्हणाल्या. “भरलेलाच आहे. तोंडसुद्धा लावलेलं नाही. फुकट घालवतात मेले.”

मास्तरांनी वळून पाहिलं. पेला काठोकाठ भरलेला होता. कॉफी गार होऊन काळी पडली होती.

गप्प राहिलं तरी चालेल, असा एक नीच विचार त्यांच्या मनाला चाटून गेला. कोणाला कळणार होतं? पण ट्रकचा हॉर्न वाजला, सेगुंदोने दाराला हात घातला आणि मास्तर ओरडले. खोपीत त्यांचा एवढा मोठा आवाज आजवर कोणी ऐकला नव्हता.

“तो मी सुलटा केला.”

सेगुंदो थांबला. “कधी?”

“तो जायच्या आधी. कॉफी द्यायला. तो मागे गेलाय, सेगुंदो. तो आलेला नाही.”

सेगुंदोने खुंटीवरचे ओले हातमोजे पुन्हा चढवले, दोर घेतला, आणि कोण येतंय एवढंच विचारलं. दंतवैद्य उठला. ट्रकचा चालक इंजिन बंद करून आला. या वाऱ्यात दोरी चालवणं शक्य नव्हतं. चढ चढूनच जायचं होतं, तेही धारेच्या कडेकडेने, कारण घळीतला बर्फ नवा होता आणि वाऱ्याने वरून लादला जात होता.

“रूळ वाजवा, मास्तर,” जाताना सेगुंदो म्हणाला. “थांबू नका. आम्हाला परतायला तेवढाच आधार आहे.”

खोपीबाहेरच्या खांबाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. मास्तरांनी हातोडा घेतला. पहिला घाव हुकला. दुसरा बसला आणि तो आवाज ढगात शिरून कुठे गेला कोण जाणे. त्यांना स्वतःचा हातोडासुद्धा धुरकट दिसत होता. घाव घालायचा, कान द्यायचा, पुन्हा घालायचा. कान दिला की फक्त वारा. मनात नको ती चित्रं येत होती. होडी बुडाली आहे. घळीतला बर्फ सुटला आहे आणि आता तिघांवर येतो आहे. एकासाठी तिघं.

ओर्तेन्सियाबाई कंदील घेऊन शेजारी उभ्या राहिल्या. त्यांनी आळीपाळीने वाजवायचं सुचवलं. मास्तरांनी हातोडा सोडला नाही. वाजवता वाजवताच त्यांनी पत्राची हकिकत सांगितली, सगळी, शेवटच्या ओळीपर्यंत. ती त्यांना पाठ होती.

“मग तुम्ही काय लिहिलंत?” बाईंनी विचारलं.

“काहीच नाही.”

बाईंनी कंदिलाची वात वर केली. मग म्हणाल्या, “नाही म्हटलं असतंत तरी चाललं असतं. ती स्वतः दाराशी आडवी पडली असती. तुम्ही तिला तेही करू दिलं नाहीत.”

मास्तरांनी घाव घातला.

उजेड कमी होऊ लागला. ढग पांढऱ्याचा करडा झाला. उजवा हात चालेना म्हणून मास्तरांनी हातोडा डाव्या हातात घेतला. एकदा त्यांना ढगातून ठक ठक असं काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटलं, पण बाई म्हणाल्या, पत्रा वाजतोय. पुन्हा फक्त वारा. आणि मग खूप वेळाने, त्यांनी आशा सोडायचं मनाशी कबूल केलं होतं तेव्हा, वरून सेगुंदोची शीळ आली. जवळ आली. दूर गेली. मास्तर वेड्यासारखे वाजवत राहिले. शीळ पुन्हा वळली.

चौघं आले. तिघं चालत, एक होडीत बांधलेला. मिस्त्रीच्या मिशा गोठल्या होत्या आणि तो दात वाजवत शिव्या देत होता. त्या शिव्या ऐकून ओर्तेन्सियाबाई रडायला लागल्या.

घळीत त्याच्या होडीखालचा बर्फ सुटला होता. होडी उलटली आणि पाय मोडला तो नेमका धडधाकट असलेला. हलता येईना, तेव्हा त्याने होडी अंगावर पालथी ओढून घेतली आणि मेंढीचं कातडं पांघरून आत पडून राहिला. वर बर्फ साचत गेला. “आम्ही हातभर अंतरावरून पुढे निघून गेलो होतो,” सेगुंदो म्हणाला. “याला रुळाचा आवाज आला म्हणे. म्हणून याने आतून वल्ह्याने ठोकायला सुरुवात केली.”

शेकोटीजवळ त्याचा पाय फळ्यांत बांधला. ट्रक सुरू होईपर्यंत मास्तर त्याच्यापाशी बसले. त्यांनी पत्र काढून समोर धरलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पत्राचं, पेल्याचं, नरसाळ्याचंसुद्धा.

मिस्त्रीने अक्षर ओळखलं. त्याला हसू आलं आणि हसल्यामुळे पाय दुखला.

“तिने सगळ्यांना लिहिली होती, मास्तर. एकूण एक डोंगरवाल्यांना. सगळ्यांची उत्तरं आली, छापील, शिक्के मारलेली. सदर इसमास प्रवेश मिळणार नाही. जेवायला बसलो की ती मला वाचून दाखवायची. तुमचंच तेवढं आलं नाही.” त्याने डोळे मिटले. “म्हटलं, तिथे कोणीतरी विचार करतंय. म्हणून इकडे आलो.”

मास्तरांनी पत्राची घडी केली.

“आता एक करा. मी लाकूड आणायला चाललो असं सांगून निघालोय. तिला लिहा, वखारीत ओंडक्यावरून पडलो. तुमचं अक्षर चांगलं आहे. तिला खरं वाटेल.”

मास्तरांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ट्रक आला आणि मिस्त्रीला खाली इस्पितळात घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सेगुंदो भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, की यापुढे दुसऱ्याच्या पेल्याला कोणी हात लावायचा नाही, तहानेने मेला तरी. मास्तरांनी मान डोलावली. चिटणीसपद सोडतो, असंही ते पुटपुटले. सेगुंदोने ते ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही.

घरी येऊन ते टेबलाशी बसले. वखारीचं पत्र लिहायला सोपं होतं. ते त्यांनी लिहिलंही, आणि छान उतरलं होतं. ओंडके, ओली जमीन, निसटलेला पाय. वाचून पाहताना त्यांना जाणवलं, की इतक्या दिवसांत हे पहिलंच पत्र आपल्याला एकदाही न खोडता लिहिता आलं. त्यांनी ते चुलीत घातलं. मग दुसरा कागद घेतला. हात अजून सुजलेला होता, त्यामुळे अक्षर वाईट आलं.

‘सुनिल्दाबाई, तुमचं पत्र मला हिवाळ्याआधी मिळालं होतं. अडवाल का, असं तुम्ही विचारलं होतं. नाही. इथे आम्ही कोणाला अडवत नाही. तुमच्या माणसालाही अडवलं नाही. हे मी तेव्हाच लिहायला हवं होतं, म्हणजे काय करायचं ते तुम्हाला करता आलं असतं. काल ते डोंगराच्या मागच्या बाजूला पडले. उजवा पाय मोडला आहे. तो जोडला जाईल असं डॉक्टर म्हणतात. त्यांना शोधायला उशीर झाला तो माझ्या चुकीमुळे. ती चूक काय होती ते त्यांनाच विचारा, ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. वखारीत पडलो असं ते म्हणतील, ते खरं नाही. होडी आमच्या खोपीत आहे, एका बाजूला थोडी चिरली आहे. ती परत पाठवायची की पुढच्या हिवाळ्यासाठी इथेच ठेवायची, ते तुम्ही दोघांनी भांडून ठरवा आणि कळवा. अनिसेतो फुएन्तेआल्बा, चिटणीस.’

‘भांडून’ हा शब्द त्यांना बरा वाटेना. खोडावा का, म्हणून ते पेन धरून बसले. मग त्यांनी तसंच पाकीट चिकटवलं.

सोमवारी टपाल कचेरीतल्या मुलीने विचारलं, रजिस्टर करायचं का. साधंच, मास्तर म्हणाले. तिने तिकीट लावून दिलं आणि बाहेरच्या पेटीत टाका, गाडी यायचीच आहे, असं सांगितलं. पेटीपाशी ते थोडे रेंगाळले. मागे एक बाई बाळ घेऊन उभी होती. ती म्हणाली, “टाकताय का, आजोबा?”

टाकलं. आत पडल्याचा आवाज आला नाही. बहुतेक आधीचीच बरीच पत्रं असावीत.